हिग्ज कण कोणी पाहिला? कोलायडरमधील ‘शोध’ या शब्दाविषयी

भौतिकशास्त्रावरच्या मराठी लेखांत ‘अखेर तो कण दिसला’ असे वाक्य हमखास येते, आणि ते वाचताना दर वेळी मी अडखळतो. ४ जुलै २०१२ रोजी जीनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा सभागृहातल्या एकाही माणसाने तो कण पाहिलेला नव्हता, आणि यापुढेही कोणी पाहणार नाही. एका सेकंदाचे दहा हजार अब्ज-अब्ज भाग केले, तर त्यांतल्या एक-दोन भागांइतकेच त्याचे आयुष्य असते. तेवढ्या काळात तो अणूच्या रुंदीइतकेही अंतर कापत नाही. मग भोवतीच्या शोधयंत्रापर्यंत (डिटेक्टरपर्यंत) पोहोचण्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही त्या दिवशी ‘शोध’ हा शब्द पूर्ण जबाबदारीने वापरला गेला. तो कशाच्या बळावर वापरला गेला, हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

शोधयंत्रात उमटते ते कणाच्या विघटनातून बाहेर पडलेल्या दुय्यम कणांचे काम. हिग्जच्या हजार विघटनांपैकी साधारण दोन विघटनांत त्याचे रूपांतर दोन फोटॉनांमध्ये होते. समजा, सर्नच्या एलएचसी या यंत्रात घडवलेल्या प्रोटॉनांच्या एका टकरीत असे दोन फोटॉन सापडले. त्यांतल्या एकाची ऊर्जा ८० जीईव्ही, दुसऱ्याची ६० जीईव्ही आणि दोघांच्या दिशांमधला कोन १२९ अंशांचा आहे. (जीईव्ही म्हणजे एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, प्रोटॉनाचे वस्तुमान या एककात जेमतेम एक भरते.) दोन्ही ऊर्जांचा गुणाकार करून त्याची दुप्पट घ्यायची, एकातून कोनाची कोज्या वजा करून येणाऱ्या संख्येने तिला गुणायचे आणि शेवटी वर्गमूळ काढायचे. उत्तर १२५ येते. हे दोन फोटॉन एकाच कणातून निघाले असतील, तर त्या कणाचे वस्तुमान १२५ जीईव्ही होते, असे हा हिशेब सांगतो. यातला ‘असतील, तर’ हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण प्रोटॉनांच्या टकरींतून एकमेकांशी संबंध नसलेले फोटॉनही जोडीने बाहेर पडतात आणि त्यांच्या हिशेबातूनही कुठला ना कुठला आकडा निघतोच. अशा असंख्य जोड्यांचे आकडे आलेखावर मांडले की हळूहळू उतरत जाणारी एक गुळगुळीत रेघ मिळते. तिला पार्श्वभूमी म्हणतात. नवा कण खरोखर असेल, तर त्या उतरणीवर एका ठरावीक जागी छोटासा उंचवटा येतो. त्या उंचवट्यातली अमुक एक जोडी हिग्जची आणि तमुक एक पार्श्वभूमीची, असे कोणालाच कधीही वेगळे करून सांगता येत नाही. सांगता येते ते एवढेच, की त्या जागी अपेक्षेपेक्षा जास्त जोड्या आहेत.

हे किती थोडक्या सामग्रीवर उभे असते, याचे एक उदाहरण देतो. हिग्जचे रूपांतर दोन झेड कणांत आणि त्यांचे पुढे चार लेप्टॉनांत, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑनांमध्ये होते, ती वाट अतिशय स्वच्छ मानली जाते. अॅटलास या शोधयंत्राच्या २०१२ मधल्या निष्कर्षात १२५ जीईव्हीच्या आसपासच्या पट्ट्यात अशा एकूण १३ घटना होत्या, आणि हिग्ज नसता तरी तिथे सुमारे पाच घटना अपेक्षित होत्याच. सेकंदाला काही कोटी वेळा प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांतून आरपार जात असताना, दोन वर्षांच्या कामानंतर, पाचाच्या जागी तेरा! फोटॉनांच्या आलेखातला उंचवटाही त्याच जागी आला, सीएमएस या वेगळ्या बांधणीच्या शोधयंत्राला स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष मिळाला, आणि या सगळ्यांची बेरीज झाली तेव्हाच घोषणा झाली. त्या दिवशी दोन्ही गटांनी सांगितलेली वस्तुमाने अनुक्रमे सुमारे १२६.५ आणि १२५.३ जीईव्ही होती. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नव्हते, पण प्रत्येकाने कबूल केलेल्या त्रुटीचा विचार करता ते एकाच कणाचे असणे अगदी शक्य होते.

माझ्या मते शोधाचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र हिग्जचे नाही, १९७४ सालचे आहे. कॅलिफोर्नियातील स्लॅक येथे स्पीअर नावाच्या यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवल्या जात होत्या. बर्टन रिश्टर यांचा गट टकरीची ऊर्जा २०० एमईव्हीच्या, म्हणजे ०.२ जीईव्हीच्या, टप्प्यांनी वाढवत मोजमापे घेत होता आणि आलेख जवळजवळ सपाट दिसत होता. जुन्या नोंदी पुन्हा तपासताना ३.१ जीईव्हीजवळ एक विचित्र गोष्ट लक्षात आली: यंत्र तेच, ठरवलेली ऊर्जा तीच, तरी काही फेऱ्यांत टकरींचे प्रमाण इतर फेऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. न जुळणारे आकडे यंत्राच्या माथी मारून पुढे जाणे सोपे होते. या लोकांनी तसे केले नाही. ९ आणि १० नोव्हेंबरच्या शनिवार-रविवारी त्यांनी ऊर्जा अगदी बारीक टप्प्यांनी सरकवत नेली, आणि प्रमाण एकाएकी सुमारे शंभरपट वाढले. तो सुळका इतका अरुंद होता की आधीचे टप्पे त्याच्या अलीकडे आणि पलीकडे पडले होते; काही फेऱ्यांत ऊर्जा किंचित सरकून त्याच्या पायथ्याला लागली होती, म्हणूनच ते आकडे जुळत नव्हते. त्याच सुमारास ब्रूकहेवन येथे सॅम्युअल टिंग यांच्या गटालाही ३.१ जीईव्हीवरच उंचवटा मिळाला होता. सोमवारी, ११ नोव्हेंबरला, दोन्ही शोध एकत्र जाहीर झाले, आणि त्या कणाला आजही जे/साय असे जोडनाव आहे. सुळक्याच्या अरुंदपणाचा अर्थ असा, की हा कण त्याच्या वस्तुमानाच्या मानाने फारच जास्त टिकतो. आणि त्याचे समाधानकारक कारण एकच निघाले, ते म्हणजे चार्म हा चौथा क्वार्क (प्रोटॉनासारखे कण ज्यांचे बनतात, ते मूलकण म्हणजे क्वार्क). ग्लॅशो, इलिओपूलोस आणि माइआनी यांनी १९७० मध्ये त्याची गरज सैद्धान्तिक अंगाने दाखवून दिलेलीच होती.

म्हणून ‘शोध’ या शब्दाची माझी व्याख्या अशी: ज्ञात प्रक्रियांनी भरून न येणारा उंचवटा, तोही दोन स्वतंत्र प्रयोगांत, एकाच जागी. ही व्याख्या कुठे अपुरी पडते, ते जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद: टिंग यांचा प्रयोग कोलायडरवरचा नव्हता

लेख आवडला, पण धाग्याच्या शीर्षकात ‘कोलायडर’, म्हणजे समोरासमोरून येणारे झोत एकमेकांवर आदळवणारे यंत्र, आहे म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. ब्रूकहेवनमध्ये प्रोटॉनांचा झोत स्थिर ठेवलेल्या बेरिलियमच्या लक्ष्यावर सोडला जात असे आणि त्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या मोजल्या जात असत. बॉटम क्वार्कची पहिली खूण, म्हणजे ९.५ जीईव्हीजवळचा अप्सिलॉन कण, हीसुद्धा १९७७ मध्ये फर्मीलॅबला लिऑन लेडरमन यांच्या गटाला स्थिर लक्ष्यावरच्या प्रयोगातच मिळाली. त्याच गटाला आदल्या वर्षी ६ जीईव्हीजवळ एक उंचवटा दिसला होता, तो पुढे विरून गेला, आणि त्याच्यासाठी सुचवलेले अप्सिलॉन हे नाव मग खऱ्या कणाला मिळाले.

कोलायडर का लागतो, हेही सांगायला हवे होते. ४०० जीईव्हीचा प्रोटॉन स्थिर प्रोटॉनावर आदळला, तर बहुतेक ऊर्जा मलब्याला पुढे ढकलण्यात खर्च होते आणि नवे कण घडवायला जेमतेम २७ जीईव्ही उरते. याउलट २७० जीईव्हीचे दोन झोत समोरासमोर आणले, तर पूर्ण ५४० जीईव्ही टकरीत उतरते. सर्नमध्ये कार्लो रुबिया यांच्या आग्रहामुळे एसपीएस या यंत्राचे प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन कोलायडरमध्ये रूपांतर झाले, त्यामागे हेच गणित होते. प्रतिप्रोटॉन विखुरलेल्या वेगांचे निघतात आणि त्यांचा दाट झोत बनत नाही, ही अडचण सायमन व्हॅन डर मीर यांच्या शीतन पद्धतीने सुटली. झोतातल्या कणांचे सरासरी विचलन एका ठिकाणी मोजायचे आणि त्यावरची दुरुस्ती वर्तुळ छेदून जाणाऱ्या तारेने पुढच्या ठिकाणी, कण येऊन पोहोचण्याआधी, पाठवायची, ही ती युक्ती. १९८४ चे नोबेल या दोघांना मिळाले. व्हॅन डर मीर यांचे नाव मराठी लेखांत फारसे येत नाही, ते यायला हवे असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद: उंचवट्याविना लागलेले शोध

व्याख्या अपुरी कुठे पडते, असे आपण विचारलेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. टाऊ लेप्टॉनच्या शोधात उंचवटा नव्हताच. मार्टिन पर्ल आणि सहकाऱ्यांना त्याच स्पीअर यंत्रावर, टकरीनंतर एक इलेक्ट्रॉन आणि विरुद्ध विद्युतभाराचा एक म्यूऑन, एवढेच दोन कण बाहेर पडलेले दिसले. बाकी काही नाही, आणि ऊर्जेचा ताळा मात्र जमत नव्हता. गहाळ झालेली ऊर्जा आणि संवेग पाहता प्रत्येक घटनेत किमान दोन अदृश्य कण असायलाच हवे होते. त्यांच्या १९७५ च्या निबंधात पार्श्वभूमी वजा केल्यावर अशा ६४ घटना उरल्या होत्या, आणि प्रचलित कारणांनी या घटनांचा उलगडा होत नाही, एवढेच त्यांनी जपून म्हटले होते.

पुढची दोन वर्षे वाद चालला, आणि तो होणे योग्यच होते. टाऊचे वस्तुमान १.७८ जीईव्ही, तर चार्म क्वार्क असलेल्या डी मेसॉनचे १.८६ जीईव्ही. दोन्ही प्रकारच्या जोड्या जवळजवळ एकाच ऊर्जेला निर्माण होऊ लागतात आणि डी मेसॉनांच्या विघटनातूनही इलेक्ट्रॉन-म्यूऑन बाहेर पडू शकतात. त्यामुळे ‘हा चार्मचाच खेळ आहे’ ही शंका खोडून काढल्याशिवाय नवा लेप्टॉन मान्य होणे शक्य नव्हते. ती हॅम्बुर्गच्या डेझी संस्थेतल्या प्रयोगांनी १९७७ पर्यंत दूर केली, आणि पर्ल यांना नोबेल मिळायला १९९५ साल उजाडले.

डब्ल्यू कणाचेही असेच आहे. जानेवारी १९८३ मध्ये सर्नच्या प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन कोलायडरवरच्या यूए१ गटाने सहा आणि यूए२ गटाने चार घटना मांडल्या. त्यांत मोठ्या ऊर्जेचा एकटा इलेक्ट्रॉन एका बाजूला जातो आणि समोरच्या बाजूला काहीच नोंदले जात नाही. तो निसटलेला न्यूट्रिनो. शोधयंत्राने टकरीचा बिंदू सर्व बाजूंनी वेढलेला असेल, तरच ‘इथे काहीच नाही’ या विधानाला वजन येते. १९७९ मध्ये डेझीच्याच पेट्रा यंत्रावर ग्लुऑन सापडला तोही आकृतीवरून: एरवी कणांचे दोन फवारे विरुद्ध दिशांना जातात, तिथे एकाच प्रतलात तीन फवारे दिसले. यांपैकी एकाही शोधात आपण वर्णन केलेला सुळका नाही. तेव्हा व्याख्येतून ‘उंचवटा’ काढून टाकावा, अशी माझी सूचना आहे.

प्रतिसाद: पाच सिग्मा आणि ७५० जीईव्हीचा अनुभव

‘दोन स्वतंत्र प्रयोगांत, एकाच जागी’ ही अटसुद्धा पुरेशी नाही, हे डिसेंबर २०१५ मध्ये दिसून आले. अॅटलास आणि सीएमएस या दोघांच्याही दोन-फोटॉनांच्या आलेखात ७५० जीईव्हीजवळ उंचवटा होता. त्यावर काही महिन्यांत शेकडो सैद्धान्तिक निबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक विदा हाती आली आणि उंचवटा दोन्हीकडून नाहीसा झाला. मग २०१२ चा उंचवटा खरा आणि २०१५ चा खोटा, हे आपण कोणत्या निकषावर म्हणतो? ‘पाच सिग्मा’ हे उत्तर मला ठाऊक आहे. पण वृत्तपत्रांत त्याचा अर्थ ‘हिग्ज नसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक’ असा छापून आला होता. तो बरोबर आहे का?

प्रतिसाद: बरोबर नाही

तो अर्थ उलटा लावलेला आहे. नवा कण नाही असे धरून चालले, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा उंचवटा मिळण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक, एवढेच पाच सिग्मा सांगते. कण असण्या-नसण्याची शक्यता हा निराळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या कणाविषयी आधीपासून काय माहीत होते, यावरही अवलंबून असते.

आता ७५० विषयी. आलेखाचा पट्टा रुंद असतो आणि उंचवटा कुठेही येऊ शकतो. शंभर जागी पाहिले, तर एखादी जागा योगायोगाने वर असणारच. ही सवलत वजा केल्यावर २०१५ च्या उंचवट्याचे वजन अॅटलासमध्ये सुमारे दोन सिग्मा एवढेच उरत होते, आणि दोन्ही गटांनी तसे स्पष्टपणे मांडलेही होते. कोणत्याही गटाने ‘शोध’ हा शब्द वापरला नाही. म्हणजे उंचवटा आला आणि गेला, पण शास्त्रज्ञांना काही मागे घ्यावे लागले नाही.

मात्र सिग्मा कितीही असले तरी यंत्राची चूक त्यात पकडली जात नाही. २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचल्याचे मोजले गेले, तेही सहा सिग्मांच्या वजनाने; पुढे एक प्रकाशतंतू नीट जोडलेला नसल्याचे आढळले. निराळ्या बांधणीचे दुसरे शोधयंत्र लागते ते यासाठी. सीएमएसमध्ये फोटॉनांची ऊर्जा लेड टंगस्टेटच्या सुमारे ७६ हजार स्फटिकांत मोजली जाते, अॅटलासमध्ये द्रवरूप आर्गॉनमध्ये. स्फटिकांचा दोष आर्गॉनमध्ये उतरत नाही.

प्रतिसाद: फेकून दिलेल्या टकरी

एका गोष्टीचा उल्लेख राहिला, ती मला कायम अस्वस्थ करते. एलएचसीमध्ये सेकंदाला काही कोटी वेळा पुंजके एकमेकांना भिडतात, आणि त्यांतल्या काहीशे ते काही हजार घटनाच साठवल्या जातात. बाकीच्या काही मायक्रोसेकंदांत इलेक्ट्रॉनिक मंडले आणि नंतर संगणक यांनी निवडून टाकलेल्या असतात, आणि त्या परत कधीच मिळत नाहीत. काय ठेवायचे, हे आधी ठरवलेले असते. त्यामुळे कोणीच कल्पना न केलेला कण कदाचित रोज टाकून दिल्या जाणाऱ्या घटनांमध्ये असू शकेल. स्पीअरवर जुन्या नोंदी उघडून पुन्हा पाहता आल्या, म्हणून तो सुळका सापडला. इथे ती सोय फारच मर्यादित आहे.

प्रतिसाद: व्याख्या दुरुस्त करताना

सर्व प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. टाऊविषयीचा प्रतिसाद मला पूर्ण पटला आहे. व्याख्या लिहिताना हिग्ज आणि जे/साय हे दोनच शोध माझ्या मनात होते. टाकून दिलेल्या टकरींविषयीची अस्वस्थता माझ्यापाशीही आहे. निवडीच्या नियमांत काही घटना निव्वळ यदृच्छेने ठेवल्या जातात, त्या नियमांची तपासणी करण्यासाठी. परंतु दुर्मीळ कणाच्या दृष्टीने तो वाटा नगण्य आहे, हे मान्य करावे लागेल.

‘शोध’ न म्हणण्याविषयी एक प्रसंग सांगायचा राहिला होता. २००० साली, एलएचसीच्या आधी त्याच २७ किलोमीटरच्या बोगद्यात असलेल्या लेप या यंत्राच्या अखेरच्या महिन्यांत, ११५ जीईव्हीजवळ हिग्जची चाहूल देणाऱ्या काही घटना मिळाल्या. यंत्र आणखी वर्षभर चालवावे, अशी कळकळीची मागणी झाली. लेपवरच्या प्रयोगांनी त्याआधी मोजमापाचा जो दर्जा गाठला होता, तो पाहता ही मागणी उथळ म्हणता येत नव्हती: चंद्राच्या ओढीने जमीन फुगते तेव्हा वर्तुळाचा परीघ साधारण एक मिलिमीटरने बदलतो आणि झोताची ऊर्जा सरकते, हेसुद्धा त्यांनी पकडले होते, आणि झेड कणाच्या सुळक्याच्या रुंदीवरून हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे आहेत हे पक्के केले होते. तरीही पुरावा पुरेसा नाही असे ठरले आणि नोव्हेंबरमध्ये लेप बंद झाले. लेपमध्ये हिग्ज मुख्यतः झेडच्या जोडीने तयार व्हायला हवा होता. आज आपल्याला हिग्जचे वस्तुमान १२५ असल्याचे माहीत आहे. त्यात झेडचे ९१ मिळवले की २१६ जीईव्ही होतात, आणि लेपची कमाल ऊर्जा २०९ होती. आणखी वर्षभर थांबूनही तो तिथे सापडला नसता. ज्यांनी मागणी केली त्यांची निराशा खरी होती आणि ज्यांनी नकार दिला त्यांच्या हाती तेव्हा हा आकडा नव्हता, हे दोन्ही लक्षात ठेवून मी तो प्रसंग वाचतो.

व्याख्या आता अशी लिहितो: ज्ञात प्रक्रिया आणि यंत्राचे ज्ञात दोष यांचा पूर्ण हिशेब मांडल्यावरही जे उरते, आणि निराळ्या पद्धतीने मोजणाऱ्या दुसऱ्या गटालाही जे तसेच उरलेले आढळते, आणि विदा वाढत गेल्यावर जे कमी न होता ठळक होते, तो शोध.

प्रतिसाद: ठळक होत जाण्याविषयी

शेवटची अट जोडलीत ते फार बरे झाले. जुलै २०१२ मध्ये दोन्ही गट त्याला ‘नवा बोसॉन’ एवढेच म्हणत होते. दोन फोटॉनांत विघटन होते म्हणजे त्याची फिरकी (स्पिन) एक असू शकत नाही, इतके लगेच कळले होते. पण ती शून्य आहे, हे विघटनातून निघालेल्या कणांच्या कोनांवरून दाखवावे लागले, आणि मार्च २०१३ मध्ये त्याला हिग्ज बोसॉन म्हणायला सुरुवात झाली. बॉटम क्वार्कांत होणारे विघटन सर्वांत जास्त, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा होते, पण तिथली पार्श्वभूमी इतकी दाट आहे की ते पक्के व्हायला २०१८ साल उजाडले. दोन म्यूऑनांतले विघटन सुमारे पाच हजारांत एकदाच होते. २०२० मध्ये सीएमएसने त्याचे वजन तीन सिग्मा असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘शोध’ हा शब्द नव्हता, ‘पुरावा’ हा होता.